वाळवंटातली लाल वाइन, मुंबईतल्या घरात: परवान्यापासून पेल्यापर्यंत

बाहेरगावाहून कुणीतरी मोठ्या प्रेमाने वाइनची बाटली आणतं आणि ती शोकेसमध्ये वर्षानुवर्षं उभी राहते, अशी घरं माझ्या ओळखीत बरीच आहेत. उघडायची कशी, परवाना लागतो का, कुठला पेला, चव कळली नाही तर लोक काय म्हणतील, या सगळ्याची धास्ती असते. मलाही होती. आता ते सगळं पार पडलंय आणि तपशील ताजे आहेत, म्हणून क्रमाने लिहून ठेवते.

बाटली आली इस्रायलमधल्या नेगेव वाळवंटातून. आमच्या मजल्यावर राहणाऱ्या मावशी बेने इस्रायली आहेत. कोकणातल्या गावावरून पडलेलं 'कर'वालं आडनाव आणि घरात मराठी. इमारतीत नव्याने आलेल्यांना त्या ज्यू आहेत हे कित्येक महिने कळतही नाही. त्यांचा भाचा दिमोना नावाच्या गावात असतो. १९४८ नंतर मुंबई-कोकणातून गेलेली बरीच कुटुंबं दिमोना, बेरशेबा, अश्दोद या भागांत स्थायिक झाली. दिमोना वाळवंटातच आहे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात भाचा मुंबईत येणार होता. अलिबागजवळच्या खंडाळ्याला, एलियाहू हनाबी या ज्यू प्रेषिताच्या जागी मलिद्याचा नवस फेडायचा होता. मावशींनी विचारलं, "तुला काय आणू दे गं तिकडून?" मी म्हटलं, "खजूर." मावशी म्हणाल्या, "खजूर सगळेच आणतात. तो ज्या रस्त्याने जातो तिथे वाळवंटात द्राक्षाच्या बागा आहेत म्हणे. तुझे मामा द्राक्षवाले ना, त्यांना दाखव."

माझ्या आजोळी, तासगावजवळ, द्राक्षबाग आहे, म्हणजे बेदाण्याची. लहानपणापासून द्राक्षाभोवती वाढले, पण द्राक्षाची वाइन नीट चाखून पाहिली नव्हती. हॉटेलात एखादा घोट घेतला असेल, तोही गप्पांच्या ओघात. त्यामुळे मावशी असं म्हणाल्या तेव्हा मी लगेच होकार दिला.

८ डिसेंबरला भाचा आला. दोन बाटल्या, प्रत्येकी ७५० मिलि. येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटरपर्यंत दारू किंवा वाइन शुल्काशिवाय आणता येते. दोन बाटल्या मिळून दीड लिटर, म्हणजे मर्यादेत. तिसरी घेतली असती तर सव्वादोन लिटर झालं असतं आणि वरच्या पाव लिटरसाठी कस्टमच्या लाल खिडकीवर जाऊन शुल्क भरावं लागलं असतं, म्हणून त्याने दोनच घेतल्या. कुणाकडून मागवणार असाल तर हे गणित आधीच सांगून ठेवा. बाटल्या चेक-इन बॅगेत होत्या: आधी प्लॅस्टिकची पिशवी गाठ मारून, त्यावर टॉवेल, मग बॅगेच्या अगदी मधोमध, चारी बाजूंनी कपडे. हातातल्या बॅगेत शंभर मिलिच्या वरचं द्रव चालत नाही.

लेबलवर हिब्रू आणि इंग्रजी. वायनरीचं नाव कारमेई अवदात, आणि आतलं मिश्रण काबर्ने सोव्हिन्यो व मर्लो या दोन लाल द्राक्षांचं. अवदात हे तिथल्या एका जुन्या, आता भग्नावशेष उरलेल्या नगराचं नाव. अरबस्तानातून धूप आणि मसाले घेऊन गाझाच्या बंदराकडे जाणारे, नबाती या प्राचीन अरब जमातीच्या व्यापाऱ्यांचे उंटांचे तांडे या वाटेवर मुक्काम करत. युनेस्कोने २००५ मध्ये अवदात, शिवता, हालुत्झा आणि मामशित या चार वाळवंटी नगरांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. पुढे बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या, काळात याच नगरांमधून वाइन बनत होती आणि गाझावरून समुद्रमार्गे लांबलांब जात होती. द्राक्षं पायांनी तुडवायचे दगडी हौद तिथे आजही बघायला मिळतात. नंतर कित्येक शतकं तिथे वेल नव्हता. या वायनरीच्या माणसांनी नव्वदच्या दशकाच्या शेवटी जुन्याच दगडी बांधांच्या ताली शोधून त्यांत पुन्हा वेल लावले. वर्षाला जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस पडतो अशा ठिकाणी कुणी शहाणा माणूस बाग लावणार नाही. मला त्या बाटलीचं अप्रूप वाटलं ते इथे.

शंभर मिलिमीटर म्हणजे किती हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. अवदातचा नऊ-दहा वर्षांचा पाऊस आपल्याकडे एका दिवसात पडून गेला.

आता परवाना. महाराष्ट्रात दारू बाळगायला, न्यायला आणि प्यायला परवाना लागतो, वाइनलाही लागतो. कायदा १९४९ चा आहे, मुंबई दारूबंदी कायदा म्हणून झाला तो. फार कमी लोक परवाना काढतात हे खरं, पण मला घरात, वडीलधाऱ्यांसमोर, धाकधूक न ठेवता बाटली उघडायची होती. मावशींकडे आजीवन परवाना आधीपासून होता, म्हणून माझा येईपर्यंत दोन्ही बाटल्या त्यांच्याच कपाटात राहिल्या.

१२ डिसेंबरला राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या ऑनलाइन सेवेत अर्ज भरला. एक वर्षाचा परवाना शंभर रुपये, आजीवन हजार रुपये. मी हजारवाला घेतला. लागलं काय, तर पासपोर्ट आकाराचा फोटो, वयाचा पुरावा, पत्त्याचा पुरावा. फोटोची आणि कागदांची फाइल ठरलेल्या आकारातच बसवावी लागते, ते मोबाइलवरच करून घ्या आणि मगच अर्ज उघडा, म्हणजे मध्येच पान बंद पडत नाही. नाव आधारवर जसं आहे तसंच लिहा. माझं आधारवर सासरचं आणि दहावीच्या दाखल्यावर माहेरचं, म्हणून वयासाठी मी पॅन जोडलं. वयाची अट वाइन आणि बिअरला एकवीस, बाकी दारूला पंचवीस. पैसे भरल्याची पावती लगेच आली, परवाना नाताळच्या आधी आला. छापून एक प्रत पाकिटात ठेवली आणि एक मोबाइलमध्ये. ज्यांना एकाच दिवसापुरता हवा त्यांना पाच रुपयांचा एक दिवसाचा परवाना दारूच्या परवानाधारक दुकानात मिळतो. मामांसाठी आम्ही पुढे तोच घेतला.

परवाना आल्यावर मला घाई झाली होती. मावशींनी थांबवलं. विमानातून हिंदकळत आलेली वाइन दोन-चार आठवडे पडून राहू द्यावी, असं भाच्याने बजावलं होतं. त्या मुदतीत बाटली ठेवायची कुठे, हा मुंबईतला खरा प्रश्न. आपल्याकडे तळघर नाही, डिसेंबरातही दुपारी पारा तिशी ओलांडतो, आणि स्वयंपाकघर तर सगळ्यात वाईट जागा. गॅसशेजारी किंवा फ्रिजच्या डोक्यावर बाटली ठेवू नका. तिथली ऊब वाइन बिघडवते. मी ती फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, भाजीच्या ट्रेच्या वर, आडवी ठेवली. बाटलीला खरं बूच असेल तर आडवीच ठेवायची, म्हणजे बूच ओलं राहतं आणि आत हवा जात नाही. महिनाभरासाठी हे पुरतं.

पेल्यांची खरेदी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या काचसामानाच्या गल्ल्यांमध्ये घासाघीस करून चार पेले बाराशे रुपयांत मिळाले. नक्षीवाले घेऊ नका. साधी, पातळ, पारदर्शक काच, खाली पोट मोठं आणि वर तोंड आत वळलेलं, इतकंच बघायचं. वास आत साठतो. बूच काढायचा घडीचा स्क्रू अडीचशेला. दोन टप्प्यांत अडकणारा घ्या, त्याला जोर लागत नाही.

याच सुमारास मामांचा फोन आला की डोळे तपासायला मुंबईत येतोय, ११ जानेवारीला रविवारी पोचेन. बागेत माल पाणी धरत होता, पण तारीख मिळाली होती. मी दिवस पक्का केला. शनिवारी मावशींचा शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा पवित्र दिवस, त्यामुळे रविवारच बरा.

एकच वाइन चाखली तर तुलनेला काही राहत नाही, म्हणून मी आपल्याकडची एक बाटली घेतली: अकलूजजवळच्या फ्रातेल्ली वायनरीची 'सेट्टे', काबर्ने सोव्हिन्यो आणि सांजोव्हेझे या द्राक्षांचं मिश्रण. दोन हजारांच्या आसपास पडली. ही निवड मी विचार करून केली. दोन्हींत काबर्ने समान, दोन्ही लाल मिश्रणं, आणि अकलूजही सोलापूर जिल्ह्यातलं, म्हणजे पाण्याची चणचण तिथल्या शेतकऱ्याला नवी नाही. तुम्हाला इतका खर्च नको असेल तर नाशिकची साधी लाल वाइनही चालेल. शेजारी दुसरा पेला असला की पहिल्यातलं काय वेगळं आहे ते जिभेला सांगावं लागत नाही.

रविवारी संध्याकाळी सहाला मामा हातपाय धुऊन बसले. मावशी नारळाच्या दुधातलं मटण घेऊन आल्या. ज्यू घरात मटणाबरोबर दूधदुभतं चालत नाही, म्हणून त्यांच्या रश्शात दही-साय नसते, नारळाचं दूध असतं. ते मटण मी बाजूला झाकून ठेवलं. आधी पाव, उकडलेले बटाटे आणि मीठ न लावलेले भाजलेले शेंगदाणे एवढंच टेबलावर.

दोन्ही बाटल्यांची तयारी अशी केली. नेगेवची फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवली, सेट्टे घरात बाहेर होती ती अर्धा तास आत. लाल वाइन 'खोलीच्या तापमानाला' द्यावी असं सगळीकडे म्हणतात, पण ती खोली युरोपातली; सोळा ते अठरा अंश हवेत. मुंबईच्या खोलीच्या तापमानाला लाल वाइन नुसती अल्कोहोलसारखी लागते, नाकात जाते. या एका गोष्टीमुळे कितीतरी जणांनी लाल वाइन कायमची सोडली असेल.

बूच सरळ निघालं. पेल्यात दोन बोटं ओतली, जास्त नाही. मामा म्हणाले, "एवढीच?" मावशी म्हणाल्या, "अहो, वास घ्यायला जागा नको का?"

आधी रंग. पांढऱ्या कागदावर पेला तिरका धरला. मधोमध गडद, जवळजवळ जांभळं, कडेला विटकरी छटा. सेट्टे त्याहून लाल आणि पातळ दिसत होती. मग न हलवता वास. मला पहिल्यांदा फक्त वाइनचा वास आला, म्हणजे काहीच सांगता येईना. पेला टेबलावर ठेवूनच गोल फिरवला, दहा-बारा वेढे, आणि पुन्हा नाक घातलं. आता पिकलेल्या जांभळाचा वास आला, स्पष्ट. त्यामागे भिजवलेल्या काळ्या मनुकांचा. आणि आणखी मागे काहीतरी हिरवं, पटकन ओळखू न येणारं. मामांनी पेला नाकाशी धरला आणि म्हणाले, "ढोबळी मिरची चिरल्यागत." बरोबर होतं. काबर्नेत तो वास असतो. द्राक्ष कमी पिकलं तर जास्त, ऊन चांगलं मिळालं तर मावळत जातो. इथे अगदी पुसट होता.

मग घोट. तोंडात घ्यायचा, लगेच गिळायचा नाही, थोडी हवा आत ओढून जिभेवर फिरवायचा, दोन्ही गालांना लागू द्यायचा. थुंकायला मी स्टीलचा एक मग ठेवला होता. मामांना ते पटेना, "थुकायला कशाला आणलंय एवढ्या लांबनं?" पण एका संध्याकाळी दोन वाइन नीट कळायला हव्या असतील तर निम्म्या घोटांना मग वापरा, तिसऱ्या पेल्यानंतर सगळंच छान लागायला लागतं.

पहिल्या घोटात मला आंबटपणा जाणवला, चांगला, तोंडाला पाणी सुटेल असा. मग हिरड्यांवर तुरटपणा पसरला. तो टॅनिनचा, द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतो. काबर्नेची साल जाड, गराच्या मानाने बियांचा वाटा मोठा, म्हणून तुरटपणा जास्त. मर्लो त्यात घातली की मधला भाग मऊ होतो. हे मिश्रण फ्रान्सच्या बोर्दो भागातलं जुनं आहे, आणि ते का करतात ते त्या घोटात कळलं: सुरुवातीला जांभूळ, मध्ये गोलाई, शेवटी तुरट. सेट्टे प्यायले तेव्हा शेवटाला तुरटपणा कमी आणि आंबटपणा पुढे, कोकमाच्या अंगाने जाणारा.

"ही आधीची," मामा नेगेवचा पेला दाखवत म्हणाले, "पाण्याला तरसलेली है."

मी विचारलं, "कशावरून?"

"मणी बारीक असणार. साल जास्ती, रस कमी. आमच्यात बी पाणी तोडलं की असंच हुतंय."

इथून पुढची संध्याकाळ मामांची. मी त्यांना मोबाइलवर नेगेवच्या बागांचे फोटो दाखवले: करड्या, उघड्या टेकड्या आणि मधल्या चिंचोळ्या घळीत हिरव्या ओळी. त्यांनी फोटो बोटांनी मोठा करून बांध पाहिले, मग उतार, मग पाण्याचं पाइप. ते जुने बांध असे काम करतात: तिथली माती पहिल्या सरीनेच वरून घट्ट होते, पाणी मुरत नाही, उतारावरून पळतं. नबाती आणि बायझंटाइन शेतकऱ्यांनी ते पळणारं पाणी पाटांनी घळीत आणून बांधांमागे अडवलं. एका एकराला पाणी द्यायला वीसेक एकर उघडा उतार राखीव. मामा ते ऐकून बराच वेळ बोलले नाहीत. आमच्या तालुक्यात २०१२-१३ च्या दुष्काळात लोकांनी टँकरने पाणी विकत घेऊन बागा जगवल्या होत्या, मामांनीही. त्यांनी तेव्हा प्रत्येक झाडाला किती लिटर गेलं ते वहीत लिहिलं होतं, ती वही अजून आहे.

"आन् हल्ली ठिबक असंल?"

"आहे की. ठिबकचा जगभर धंदा उभा राहिला तोच तिथून. नेगेवमधल्या हात्झेरिम नावाच्या किबुत्झमध्ये, म्हणजे सामूहिक शेतीच्या वसाहतीत, १९६५ साली नेटाफिम कंपनी सुरू झाली."

"नेटाफिम? आमच्या पलीकडच्या रानात त्येचीच नळी है."

मग प्रश्नांची सरबत्ती. खुंट कुठला? आमच्याकडे डॉगरीज जातीच्या खुंटावर कलम करतात, खारट पाणी आणि ताण सोसतो म्हणून. त्यांच्याकडेही पाणी खारट असणार. छाटणी कितीदा? हे मला माहीत होतं: एकदाच, हिवाळ्यात. तिथे थंडीत वेल झोपतो, पानं झडतात, आणि काढणी उन्हाळ्याच्या शेवटी, ऑगस्ट-सप्टेंबरच्या आसपास. आपल्याकडे वेलाला झोप मिळत नाही, म्हणून एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करायला आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी मालासाठी. "म्हंजे त्येंचा वेल वरीसभर एकच काम करतो," मामा म्हणाले. "आन् डाऊनी?" हवा इतकी कोरडी की डाऊनीसारखी बुरशी धरायला ओलच नाही. ते ऐकून मामांनी पेला खाली ठेवला. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या अवकाळीत डाऊनीने घड कुजलेले आणि दिवसाआड फवारण्या केलेल्या त्यांना आठवत असणार. "फवारणी न्हाई?" त्यांनी दोनदा विचारलं. कमी, अगदी नाहीच असं नाही, भुरी ही दुसरी बुरशी तिथेही येते.

आंबटपणा टिकतो कसा, हा माझा प्रश्न होता. उष्ण जागी साखर भराभर चढते आणि आम्ल उतरतं, मग वाइन गोडसर, जड आणि अल्कोहोलला तेज होते. नेगेवचा हा भाग उंचावर आहे. जुलैत दिवसा ३३ अंशांच्या आसपास आणि रात्री १८ पर्यंत खाली. रात्रीचा हा गारवा आम्ल राखतो. मामांनी मान हलवली. द्राक्षवाल्याला रात्रीच्या थंडीचं महत्त्व कुणी सांगायला नको.

यानंतर मी तो घोट पुन्हा घेतला आणि पहिल्यापेक्षा जास्त चव लागली. वाइन तीच, पेला तोच, अर्ध्या तासाने थोडी हवा लागलेली, एवढाच बदल. पण आता तुरटपणा आला की मला बारीक मण्यांची जाड साल दिसत होती, आंबट लागलं की रात्र. चव ओळखण्याचं काही खास कसब लागतं असं मी मानून होते. माझ्या बाबतीत तरी वेलावर काय गुजरलं ते कळल्यावर जीभ आपोआप कामाला लागली. म्हणून माझा सल्ला असा की बाटली उघडण्याआधी नुसती वाइनची परीक्षणं वाचत बसू नका. त्या जागेचा पाऊस किती, उंची किती, काढणी कधी, हे शोधा. आणि शेतीतलं माणूस शेजारी बसवा.

साडेसातला जेवण. एक गोष्ट इथे स्पष्ट कळली. मामांनी आपल्याबरोबर आणलेली कांदा-लसूण चटणी पावावर घेऊन वर वाइनचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. तिखटाने टॅनिन आणि अल्कोहोल दोन्ही जाळल्यासारखे लागतात, फळ नाहीसं होतं. मावशींच्या नारळाच्या दुधातल्या मटणाबरोबर मात्र तीच वाइन फार सुरेख जमली. स्निग्ध रस्सा तुरटपणा पुसून घेतो आणि जांभूळ परत वर येतं. मराठी घरात लाल वाइनबरोबर काय खावं असं कुणी विचारलं तर मी मटणाचा पांढरा रस्सा सांगेन, झणझणीत तांबडा नाही.

नेगेवची बाटली त्या दिवशी अर्धीच संपवली. बूच उलटं न घालता होतं तसंच घट्ट बसवून फ्रिजमध्ये उभी ठेवली. सोमवारी आणि मंगळवारी संध्याकाळी प्रत्येकी एकेक छोटा पेला. सोमवारी ती सगळ्यात चांगली लागली: ढोबळी मिरची गेली, तुरटपणा मऊ झाला, आणि शेवटी कोरड्या मातीसारखं काहीतरी मागे राहिलं, बराच वेळ. मंगळवारी आंबटपणा पुढे यायला लागला होता, फळ मागे सरलं होतं. सेट्टेचं उलटं झालं. ती पहिल्याच संध्याकाळी मोकळी होती आणि दुसऱ्या दिवशी उतरली. एकाच रात्री दोन्ही संपवल्या असत्या तर मला सेट्टे जास्त आवडली असंच मी म्हटलं असतं. नवी बाटली पाहुण्यांबरोबर उघडणार असाल तर पेलाभर तरी दुसऱ्या दिवसासाठी मागे ठेवाच.

मावशींनी तिन्ही दिवस घोटभरच घेतली. त्यांना वाइनचं कौतुक आहे, पण शुक्रवारच्या किद्दूशला, म्हणजे शब्बाथच्या सुरुवातीला पेला हातात घेऊन म्हणायच्या प्रार्थनेला, त्या वाइन वापरत नाहीत. कोकणात वाइन मिळायची नाही त्या काळापासून बेने इस्रायली घरांत काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून सरबत करतात आणि त्यावरच प्रार्थना म्हणतात. मामांना हे माहीत नव्हतं. आयुष्यभर बेदाणा करणाऱ्या माणसाला आपला माल कुणाच्या प्रार्थनेत जातो हे पहिल्यांदा कळलं. "कंच्या मनुका वापरता तुम्ही?" त्यांनी विचारलं. मावशींनी डबा आणून दाखवला. मामांनी चार-पाच मनुका तळहातावर घेतल्या, बोटाने दाबल्या, एक दातांखाली फोडली. "ह्या तेल लावलेल्या हैत. पाण्यात नीट फुगत न्हाईत. मी धाडतो." मंगळवारी रात्रीच्या गाडीने ते गेले, डोळ्यांत घालायचे थेंब आणि नेगेवच्या बाटलीचं लेबल पिशवीत घेऊन. लेबल काढायला बाटली कोमट पाण्यात तासभर बुडवून ठेवावी लागली.

मार्चच्या शेवटी, बेदाण्याचा हंगाम चालू असताना, तासगावहून एसटीने पार्सल आलं. दोन किलो काळ्या मनुका, शरद सीडलेसच्या, तेल न लावता वाळवलेल्या. मावशींनी त्या गुरुवारी रात्री भिजत घातल्या आणि शुक्रवारी सरबताचा तांब्या आमच्याकडेही पाठवला. गडद जांभळा रंग, गोड, शेवटी अगदी थोडं तुरट. मामांना फोन करून सांगितलं. त्यांचा पहिला प्रश्न होता, "बी लागली का दाताला?" नाही लागली.